पॉट होल्डरमध्ये काय भरावं? रुई, सोलापुरी चादर, घोंगडी आणि ती चंदेरी शीट

पॉट होल्डरसाठी, म्हणजे गरम भांडं धरायच्या कापडी गादीसाठी, दुकानात फुगलेलं दिसणारं कोणतंही भरण आधी अंगठा आणि दोन बोटांत घट्ट दाबून बघा. भाताचा भरलेला गंज (मोठं पातेलं) चुलीवरून उतरवताना जेवढा जोर लागतो, तेवढ्याच जोरानं. त्या दाबाखाली जी जाडी उरते तीच तुमच्या कामाची. बाकी सगळी हवा असते आणि पहिल्याच पकडीत ती निघून जाते. रेक्रॉनची, म्हणजे उशीत भरतात त्या पॉलिस्टरची, दीड इंच फुगलेली शीट अशी दाबली की जाड पुठ्ठ्याएवढीच उरते. जुन्या सोलापुरी चादरीच्या चार घड्या दाबल्या तर फारशा दबत नाहीत. खाली जी भरणं चांगली किंवा वाईट म्हटली आहेत, ती आधी या चिमटीत तपासून आणि मग आच सोसण्यावर जोखून.

आच म्हणजे किती, तेही बघू. उकळत्या वरणाचा गंज १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. शिट्टी देणारा कुकर आतून १२० च्या जवळ जातो. भजी तळतानाचं तेल १७० ते १९०. भाकरीचा लोखंडी तवा सहज २०० च्या वर जातो, आणि रिकामा तापत राहिला तर २५० ही ओलांडतो. चुलीवर आणखी एक भानगड असते. जाळ बुडाशी थांबत नाही, कडेनं वर चढतो. म्हणून कढईचे कान आतल्या रश्श्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात, आणि आपण धरतो ते नेमके कानच.

कापूस वितळत नाही. २०० च्या वर तो आधी पिवळा, मग तांबूस पडतो आणि पुढे कोळसतो. लोकरही वितळत नाही. पॉलिस्टर २५० ते २६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून चिकटायला लागतं. खताच्या पोत्यातलं पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ लाच पातळ होतं. करपलेला कापूस हातातून झटकून टाकता येतो. वितळलेलं प्लास्टिक मात्र कातडीला चिकटतं आणि ओढलं तर कातडी घेऊनच निघतं. एवढ्यासाठी स्वयंपाकघरातल्या भरणात सुती आणि लोकरी सोडून दुसरं काही आम्ही पहिल्या पसंतीला ठेवत नाही.

रुईपासून सुरुवात करू, कारण हिंगणघाट, अकोट, पांढरकवडा या पट्ट्यात ती कुणाला विकत घ्यावी लागत नाही. घरात कापूस पडलेला असतो, सरकी काढली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. १०० किलो कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. म्हणजे एका पॉट होल्डरला लागणाऱ्या २५ ते ३० ग्रॅम रुईसाठी ७५ ते ९० ग्रॅम कापूस हातानं वेचून काढायचा. एवढं एक वेळ जमेल. पण हातानं सरकी काढलेल्या रुईचे बोळे राहतात, तंतू एका पातळीत बसत नाहीत. बोळा असेल तिथे जाड, दोन बोळ्यांच्या मध्ये नुसतं कापड, आणि चटका बसतो तो तिथंच. एखादी सरकी आत राहिली तर ती दाबानं फुटून तेलाचा डाग धरते. कवडीचा, म्हणजे किडक्या किंवा नीट न फुटलेल्या बोंडांतला कापूस तर घेऊच नका. त्यातली पत्ती आणि काडीकचरा तंतूंच्या आधी करपतो आणि वास मारतो.

रुईच भरायची असेल तर पिंजलेली घ्या. गादीच्या दुकानात मागताना फक्त ‘कापूस द्या’ म्हणू नका, ‘नवी पिंजलेली रुई, भेसळ नको’ असं स्पष्ट सांगा, कारण जुन्या गाद्यांची परत पिंजलेली रुई किंवा कतरणीची भुशीही त्याच भावानं पुढे येते. जुन्या रुईचे तंतू तुटलेले असतात. ती शिवणीतून बाहेर येते आणि दोन धुण्यांत कोपऱ्यात जाऊन बसते. किलोभर चांगल्या रुईत तीसेक पॉट होल्डर होतात. पिंजलेला पापुद्रा उभा-आडवा, उभा-आडवा असा एकावर एक चार वेळा टाका, म्हणजे ओढ एकाच दिशेला जात नाही. आणि दीड इंचापेक्षा लांब अंतरावर टाका घालू नका. रुई सरकते. गोधडीत सरकली तर थंडी वाजते, इथं हात भाजतो.

भेसळ ओळखायची तर चिमट्यात चार तंतू धरा आणि स्टीलच्या ताटावर, अंगणात, काडी लावा. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि बोटानं चोळली की उडून जाणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी आकसतं, मग थेंबासारखं गळतं आणि थंड झाल्यावर मोहरीएवढा काळा कडक मणी राहतो, जो नखानंही फुटत नाही. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिचा मणी बोटांत भुगा होतो. राखेत दोन-तीन कडक मणी सापडले तर समजा माल मिसळीचा आहे. हा प्रयोग चादर, कांबळ, टॉवेल, दोरा, सगळ्यांवर करा.

आता ज्याला आम्ही पहिला नंबर देतो: जुनी सुती सोलापुरी चादर किंवा सुती टर्किश टॉवेल. चादर जाड विणीची, सपाट, आणि वर्षानुवर्षं धुऊन आटून घट्ट बसलेली असते. आटायचं ते सगळं आटून गेलेलं असल्यामुळे शिवल्यावर पॉट होल्डर वाकडा होत नाही. नव्या सुती कापडात पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटण्याची शक्यता असते, आणि वरचं कापड आटलं, आतलं नाही, की सगळी वस्तू द्रोणासारखी वळते. चादरीचे चार थर गंजाला आणि कुकरला पुरतात, तव्याला पाच. टॉवेल घेतला तर ४०० ते ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), चार थर. त्यातल्या लूपमध्ये हवा चांगली धरली जाते, पण दाबाखाली ती चादरीपेक्षा जास्त दबते. पातळ झालेला, पलीकडचं दिसणारा टॉवेल असेल तर सहा थर करण्यापेक्षा तो सोडूनच द्या. भरणाच्याच सहा थरांत सुई मोडते. एक गोष्ट मात्र आधी तपासा. हल्ली सोलापुरी म्हणून मिळणाऱ्या चादरींत मिसळीचा धागाही असतो. काडीची परीक्षा इथेही करा, आणि ताणा आणि बाणा दोन्हीकडचे धागे वेगवेगळे काढून करा.

जुन्या लुगड्यांच्या गोधडीचा फाटका तुकडा? सुती लुगड्यांचा असेल तर उत्तम, आणि टाके तयारच मिळतात. पण घराघरांतल्या गोधड्यांत गेली कित्येक वर्षं नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्याही शिवल्या जातात. वरून सुती, आतून नायलॉन, असं हमखास निघतं. कोपरा उसवून प्रत्येक थर बघितल्याशिवाय वापरू नका.

तव्यासाठी आणि लोखंडी कढईच्या कानांसाठी आमची निवड घोंगडीची आहे. लोकर दाबाखाली परत उसळते, सहज पेट घेत नाही, आणि पेटलीच तर जाळ काढला की बहुधा विझून जाते. कापूस तसा विझत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. धनगराकडची जाडीभरडी खरी घोंगडी, किंवा जेन (लोकरीचं जाड अंथरूण), यातलं काहीही चालेल. एकट्या घोंगडीचा पॉट होल्डर नको; ती टोचते आणि जास्त तापली की वास येतो. एक थर चादर, एक थर घोंगडी, परत एक थर चादर, असा सँडविच करा. घोंगडी आधी गरम साबणपाण्यात चोळून धुवा. ती आटेल, घट्ट होईल, तेच हवं आहे. मग कापा. उलट केलं, म्हणजे आधी कापून मग धुतली, तर आठ इंचाचा तुकडा सात इंचाचा होऊन हातात येतो. थंडीत स्वस्तात मिळणारी किंवा वाटली जाणारी कांबळं मात्र लोकरी समजू नका, बहुतेक सिंथेटिक असतात. उरलेल्या तुकड्यांना कसर लागते, म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.

रेक्रॉन, फायबर, उशीतलं पॉलिस्टर: तव्यासाठी नको, कढईसाठी नको. चहाच्या पातेल्याला चालेल, पण घरात वस्तू एकदा शिवली की ती चहाच्या पातेल्यापुरती राहत नाही. वापरलेला फायबरचा पॉट होल्डर उसवून बघितला की जिथे कढईचा कान टेकला होता तिथे नखाएवढा कडक, चकचकीत चकता सापडतो. तंतू एकमेकांत वितळून बसलेले असतात आणि त्या जागी आता भरण नाहीच. वरून कापड धड असल्यामुळे हे बाहेरून दिसत नाही.

चंदेरी मालाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण त्याच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक आहे इन्सुल-ब्राइट, अमेरिकेतल्या द वॉर्म कंपनीची. त्यात पॉलिस्टरचे तंतू सुयांनी टोचून एका चंदेरी फिल्ममधून आरपार ओवलेले असतात. ती शिवता येते, धुता येते, आणि ऑनलाइन मिळते. पण ती एकटी वापरायची वस्तू नाही. चंदेरी थर किरणांनी येणारी धग परतवतो, आणि ते काम तो समोर हवेची फट असताना करतो. भांडं थेट टेकलं की उष्णता स्पर्शानं जाते, तिथे चकाकीचा उपयोग फार थोडा. म्हणून सोबत दोन्ही बाजूंना एकेक सुती थर हवाच. मायक्रोवेव्हमध्ये तर तिला घालायचंच नाही, फिल्मवर धातू असतो. आमचं मत: चांगली आहे, पण दोन थर जुनी चादर जास्त घातली की जवळजवळ तेच काम फुकटात होतं. ओव्हनमधून ट्रे काढणाऱ्यांनी घ्यावी.

दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याखाली उन्हासाठी लावतात ती चंदेरी फोमची शीट. मे महिन्याच्या उन्हात तिच्यामुळे पत्र्याखालचं घर गार राहतं, म्हणून ‘हीट प्रूफ’ म्हणून तिचे उरलेले तुकडे पॉट होल्डरमध्ये भरले जातात. हे करू नका. आतला फोम बहुधा पॉलिथिनचा असतो आणि तो ११० अंशांच्या आसपासच बसायला लागतो. पत्रा उन्हात तापून ७०-७५ पर्यंत जातो, तिथे ती टिकते. तव्यापुढे पहिल्याच वेळी जिलेटिनच्या कागदासारखी चपटी होते. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदाही बहुधा याच जातीचा. आणि स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल आत घातली तर ती कुरकुरते, दोन धुण्यांत फाटते, वर अॅल्युमिनियम स्वतः उष्णतेचा चांगला वाहक.

जीन्स वरच्या कापडाला छान, भरणाला तितकीशी नाही. वीण इतकी घट्ट की हवा कमी धरली जाते, आणि तीन थर झाले की पायमशीन दमते. स्ट्रेचची जीन्स तव्याच्या बाजूला नको, त्यात इलास्टेनचा ताणणारा सिंथेटिक धागा असतो. बारदान गरम झालं की ज्यूटवर दिलेल्या तेलाचा वास सोडतं आणि त्याची धूळ ताटात पडते. खताचं, बियाण्याचं, फवारणीच्या औषधाचं कोणतंही पोतं किंवा त्यात गुंडाळलेलं कापड स्वयंपाकघरात नको, मग ते कितीही धुतलेलं असो. फोमचा तुकडा, रेक्झिन, थर्माकोल: बोलायचीही गरज नाही.

आता शिवणं. तयार माप आठ बाय आठ इंच धरा. वरखालच्या कापडासाठी मांजरपाट किंवा जाडी खादी घ्या. वर्ध्याकडे खादी सहज मिळते. मांजरपाटाला खळ असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापा. दोन कापडं आणि चार थर भरण, सगळे साडेआठ इंचाचे. भरणाचे थर एकमेकांवर रचताना विणीची दिशा आलटून-पालटून ठेवा. मशीनला लावण्याआधी हातानं कच्चा दोरा घाला, मध्यापासून चारी कोपऱ्यांकडे. हे टाळलं की हमखास एकच गोष्ट होते: मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर पायाखाली अडतो आणि शेवटी कडेला चुणी येते. मशीनच्या पायाचा दाब देणारा स्क्रू थोडा सैल करा, सुई सोळा नंबरची लावा, घोंगडी असेल तर अठराची, आणि टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका कापडाला छिद्रांची रांग करून देतो आणि कापड तिथूनच फाटतं.

टाक्यांच्या ओळी मध्यापासून बाहेर मारा. चादरीला दोन इंच अंतर पुरे. एक इंचाचे चौकोन सुंदर दिसतात, पण टाक्याच्या ओळीवर भरण दाबलं जातं आणि जाडी तिथे निम्मी राहते. जेवढ्या ओळी जास्त तेवढ्या पातळ जागा जास्त. हातानं करायचं तर गोधडीचा धावदोरा घाला, ओढून नाही, सैलसर. दोरा सुती घ्या, ४० नंबरचा. बाजारात सहज मिळणारी रीळं बहुतेक पॉलिस्टरची असतात, आणि तव्याला टेकलेल्या बाजूचा तो टाका आधी सुटतो. मग आतले थर सरकतात. भरण शुद्ध सुती घेऊन दोरा पॉलिस्टरचा घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

मग कडा छाटून आठ इंच करा. दोन इंच रुंद उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, एकूण ४० इंच. ३२ इंच कडेला आणि उरलेली सांध्याला, लोंबायच्या लूपला. लूप दीड इंचापेक्षा मोठा नको. चुलीवाल्या घरात लांब लूप जाळात जातो. दोन पॉट होल्डर लांब पट्टीनं जोडून केलेले जोडही विकत मिळतात आणि गॅसवर ते सोयीचे आहेत. चुलीवर गंज उचलताना ती पट्टी मधोमध लोंबते, नेमकी इस्त्यावर, म्हणजे निखाऱ्यांवर. तिथे दोन सुटेच बरे.

शिवून झाल्यावर चाचणी घ्या. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, आणि पॉट होल्डर घेऊन कड घट्ट धरा. न उचलता, फक्त धरा. सावकाश वीस मोजेपर्यंत बोट मागे घ्यावंसं वाटलं नाही तर गंजाला चालेल. मग टाक्याच्या ओळीवर अंगठा ठेवून परत मोजा. दुसऱ्या मोजणीत लवकर हात काढावा लागला तर ओळी फार जवळ पडल्या आहेत.

ओला पॉट होल्डर कितीही जाड असला तरी निरुपयोगी. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता पोचवतं, आणि तव्याला टेकताच आत वाफ धरते, ती सरळ तळहातावर येते. कापूस एरवीच्या हवेतही आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी नुसतं हवेतून धरतो, लोकर त्याच्या दुप्पट. झडीच्या दिवसांत पॉट होल्डर खिडकीत टांगून वाळत नाही. चुलीपासून दोन हात लांब, आच लागेल पण ठिणगी येणार नाही अशा ठिकाणी टांगा, आणि दोन जोड आलटून वापरा.

धुताना गरम पाणी आणि साधा साबण. घोंगडीच्या सँडविचला गार पाणी, नाहीतर ती आत आणखी आटते. कपडे मऊ करणारं द्रावण टाकू नका, त्याचा थर कापडावर बसतो आणि कापड पेट लवकर घेतं. पूर्व विदर्भात जवसाचं तेल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जवसाचं तेल हवेत सुकताना स्वतः उष्णता सोडतं, आणि ते मुरलेली सुती फडकी गोळा करून ढिगात दाबून ठेवली तर आतल्या आत तापून पेटू शकतात. तेल सांडलेला पॉट होल्डर लगेच धुवा, नाही जमलं तर मोकळा पसरून ठेवा.

कापसाचा एक खरा दोष सांगायचा राहिला. कडेला ठिणगी लागली की तो ज्योत न दाखवता धुमसत राहतो. झटकल्यावर विझल्यासारखा दिसतो, काळ्या कडेला लाल ठिपका तेवढा उरतो, आणि अर्ध्या तासानं फडताळातून धूर येतो. म्हणून कडा काळी पडली की पॉट होल्डर बादलीत बुडवा, आत पाणी जाईपर्यंत दाबून धरा, आणि मग वाळवा. वाळल्यावर उजेडासमोर धरून बघा. कुठे उजेड आरपार दिसला, किंवा चिमटीत दाबल्यावर दोन बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली, तर तो आता पोतेऱ्यात जमा.